धरणगाव सोडून

आमचे यादवराव डिपोटी दौऱ्यावर निघाले की टांग्यात ट्रंकेच्या आधी गादी चढायची. निजायची गादी नव्हे. पेढीवर शेठलोक बसतात ती, पांढऱ्याशुभ्र अभ्र्याची, आणि तिच्याबरोबर टेकायला एक गुबगुबीत लोड. नव्या गावच्या मास्तरांना वाटायचं, साहेबांना मूळव्याधीचा त्रास असावा. ते बिचारे हळहळत, कोणी ताकाचा तांब्या आणून ठेवी. साहेब ताक पिऊन टाकत. मग शाळेच्या मधोमध ती गादी अंथरत, खांद्यावरच्या उपरण्याची पगडी बांधत आणि लोडाला टेकून म्हणत, "हं. आता मी शेठ. तुम्ही सगळे बाहेर जा, आणि एकेक जण माझ्याकडे शाळेसाठी काहीतरी मागायला या."

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या दोनतीन वर्षं आधीची ही गोष्ट. सरकारच्या एकट्याच्या बळावर गावोगाव शाळा निघणं शक्य नाही, व्यापारी, जिनवाले, पेढीवाले अशा खाजगी मंडळींना या कामात ओढलं पाहिजे, असा खात्याला त्या सुमारास साक्षात्कार झाला होता. साक्षात्कार झाला खात्याला आणि ओढायचं काम आलं मास्तरांवर. आम्हाला कान ओढायची सवय. शेठ कुठं धरून ओढतात, हे आमच्या सात पिढ्यांत कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणून जळगावला ऐन चैत्रात, जेव्हा कावळासुद्धा दुपारचा बाहेर पडत नाही, तेव्हा तीन आठवड्यांचा एक वर्ग भरवण्यात आला. शिकवणारे यादवराव. शिकणारे आम्ही पंचवीस मास्तर आणि दोन कारकून.

त्यांचा पूर्ण हुद्दा असिस्टंट डिपोटी एज्युकेशनल इन्स्पेक्टर असा आगगाडीएवढा होता. लोक त्यातला 'डिपोटी' तेवढा ठेवत. आम्ही वर्गात 'साहेब' म्हणायचो आणि विहिरीवर 'शेठ'. ते जातीनं शेतकरी, चोपड्याकडच्या खेड्यातले पाटील. पण गादीवर बसले की मारवाडी व्यापारी सोडून दुसरं काही वाटत नसत. डाव्या हातात अडकित्ता. मान किंचित उजवीकडे कललेली, म्हणजे डावा कान आमच्याकडे. आमचं बोलणं कंटाळवाणं झालं की ते तळहातानं गादीवरची नसलेली धूळ झटकायला लागत. आणि दर दोन वाक्यांनी म्हणत, "हं. पुढं?" या 'पुढं'ला आम्ही सगळे थरथर कापायचो, कारण पुढं काही नसायचंच.

पहिल्या दिवशी माझा नंबर लागला. मी चपला काढल्या, हात जोडले आणि पाठ केलेलं म्हणून दाखवलं, "शेठजी, गोरगरीब मुलांसाठी आपली काही मदत..."

साहेबांनी खिशात हात घातला, मूठभर भाजलेले शेंगदाणे काढले आणि माझ्या जोडलेल्या हातांत ओतले. "घ्या. झाली मदत. पुढं?"

सगळा वर्ग फिदीफिदी हसला. मी शेंगदाणे घेऊन तसाच उभा. खावेत की परत द्यावेत, हेसुद्धा सुचेना.

"मास्तर, 'गरीब' म्हटलंत की शेठचा हात खिशात जातो, आणि जे काय निघतं त्यात शाळेचं काम तिथंच आटोपतं," ते पगडी सारखी करत म्हणाले. "आणि आधी बसा. उभ्या माणसाला शेठ घाईनं वाटेला लावतो. बसलेल्याला त्याला पाणी विचारावं लागतं. पाणी प्या, हवापाणी बोला, कपाशीचं बोला. आणि पैसा मागूच नका. जे डोळ्यांना दिसतंय ते मागा. रिकामी खोली दिसली तर खोली. ओटा दिसला तर ओटा. माणसाला आपली वस्तू कुणाच्या उपयोगी पडलेली बघायला आवडते."

त्यांचे नियम असे पुष्कळ होते. सकाळी भवानी व्हायच्या आत, म्हणजे दिवसाची पहिली विक्री झाल्याखेरीज, पेढीची पायरी चढायची नाही. तराजूकडे टक लावून बघायचं नाही. मुनीमजींना आधी नमस्कार, कारण शेठ विसरतो पण मुनीमजी विसरत नाहीत. हे सगळं त्यांनी पुस्तकात वाचलेलं नव्हतं. चोपड्याच्या एका जिनवाल्याला त्यांनी पावसाळ्यात बंद पडून राहणारी कापसाची शेड शाळेला द्यायला लावली होती. जूनपासून दिवाळीपर्यंत तिथं शाळा भरायची. फक्त एक झालं, शाळा सुटली की पोरांच्या डोक्याला इतका कापूस चिकटलेला असायचा की साठ-सत्तर म्हातारे उड्या मारत घरी निघालेत असं वाटायचं. साहेब हे सांगताना डोळ्यांत पाणी येईतो हसत.

आमच्या वर्गातले लोकही काही कमी नव्हते. एक ड्रिलमास्तर गादीसमोर येऊन खाडकन सलाम ठोकत आणि "जागा पाहिजे!" असं ओरडत. शेठ घाबरून पोलिसात वर्दी देईल, असं साहेबांचं मत पडलं. एक वयोवृद्ध हेडमास्तर होते. त्यांनी विद्यादानाच्या महतीवर सुरुवात केली ती थेट गुरुकुलापासून. त्यांचं नालंदा येईपर्यंत साहेब लोडावर आडवे होऊन घोरायला लागले होते. आम्हाला वाटलं, शेठचं सोंग. ते खरंच झोपले होते.

साहेबांची आणखी एक तऱ्हा होती. सूर्य मावळायच्या आत ते जेवून घेत. वर्ग कितीही रंगात असो, उन्हं कलली की घड्याळ बघून उठत. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, खानावळीचा डबा येई. तो ते ओसरीवर एकटे बसून, पश्चिमेकडे तोंड करून घाईघाईनं संपवत. आम्ही म्हणायचो, पोटाचं दुखणं असेल. मूळव्याध आधीच बहाल केलेली होती, त्यात ही भर.

तिसऱ्या आठवड्यात खरी परीक्षा आली. प्रत्येकानं आपापल्या गावच्या एका खऱ्या व्यापाऱ्याकडे जायचं आणि जागा मागून आणायची. साहेबांनी यादी वाचली. अमळनेर, पाचोरा, एरंडोल, चोपडा, थेट धुळ्यापर्यंत गावं आली. माझं धरणगाव आलं नाही.

मी उभा राहिलो. "साहेब, धरणगाव राहिलं."

"धरणगाव सोडून," ते म्हणाले.

"पण साहेब, आमच्याकडे मुलींच्या शाळेला मंजुरी आलेली आहे. जागा गावानं द्यायची आहे. जून उजाडेपर्यंत जागा नाही मिळाली तर मंजुरी परत जाईल."

"माझ्या प्रत्येक यादीत तसंच असतं, मास्तर. धरणगाव सोडून," असं म्हणून त्यांनी गादीवरची धूळ झटकायला सुरुवात केली.

मला राग आला. माझी स्वतःची मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. मुलांच्या शाळेत खिडकीबाहेर उभी राहून ती पाढे म्हणायची, आणि आतल्या पोरांचे चुकले की बाहेरून सांगायची. तिला आत बसायला जागा पाहिजे होती. साहेबांनी शिकवलेली विद्या साहेबांना न विचारता वापरायची असं मी ठरवलं आणि रविवारी गावी गेलो.

धरणगावला माडी रिकामी असलेले व्यापारी एकच, हरकचंदशेठ. कापसाची मोठी पेढी, आजवर मी तिची पायरी कधी चढलो नव्हतो. भवानी झाली असेल अशा बेतानं मी पायरी चढलो, मुनीमजींना नमस्कार केला, गादीच्या कडेला बसलो आणि वर पाहिलं. पाहिलं आणि माझी बोबडीच वळली.

डाव्या हातात अडकित्ता. मान उजवीकडे कललेली, डावा कान माझ्याकडे. "हं," शेठ म्हणाले, "पुढं?"

मी जीभ चावली तरी हसू फुटलंच. शेठ बघत राहिले. "काय झालं, मास्तर?"

"माफ करा शेठ. आमचे साहेब आम्हाला शिकवताना हुबेहूब तुमच्यासारखे बसतात. असाच कान करतात. असंच 'पुढं' म्हणतात."

"कोण साहेब?"

"यादवराव डिपोटी."

शेठनी अडकित्ता खाली ठेवला. मग म्हणाले, "मुलींच्या शाळेची मंजुरी गावभर झाली आहे. तिच्यासाठी माडी पाहिजे ना तुम्हाला? माडी आहे. पण मागायला त्यांनी स्वतः यावं. असं सांगा त्यांना."

जळगावला परत येऊन मी ओसरीवर साहेबांपुढे उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, न विचारता गेलो म्हणून हजामत होणार. साहेबांनी फक्त एवढंच विचारलं, "अजून डाव्या कानानंच ऐकतो? लहानपणी पोहताना उजव्यात पाणी गेलं होतं त्याच्या." आणि मग, बाहेर ऊन रणरणत असताना, त्या गावाच्या नावावर इतकी वर्षं काट का मारून ठेवली होती, ते त्यांनी मला सांगितलं.

यादवराव लहानपणी शिकायला खेड्यातून धरणगावला आले, ते हरकचंदच्या घरी राहिले. दोघं एका पाटीवर शिकले. हरकचंदची आई यालाही आपलाच मुलगा धरायची. जैनाचं घर, रात्रीचं जेवण नाही. उन्हं कलली की ती माडीवरून हाक मारायची, "यादू, दिन बुडी ऱ्हायना, जेवाले बठ!" घरात मारवाडी बोलणारी ती बाई या पोराशी मात्र त्याच्या अहिराणीत बोलायची, परक्या घरात त्याला परकं वाटू नये म्हणून. तेव्हापासून यादवरावांनी अंधार पडल्यावर कधी घास खाल्ला नाही.

पुढं हे खात्यात चिकटले. हरकचंदनं आईच्या हट्टाखातर माडीवर मुलींची खाजगी शाळा काढली आणि मान्यतेसाठी अर्ज केला. तपासणीला गेले यादवराव. नवी नोकरी, नवा कोट, खिशात नियमांचं पुस्तक. त्यांनी पट वाचायला घेतला. मुली एकेक "हजर" म्हणू लागल्या. शेवटचं नाव वाचलं आणि सगळ्यांत मागच्या ओळीतून, घुंघटाच्या आतून, आवाज आला, "हजर."

"तो आवाज मी ओळखणार नाही?" साहेब म्हणाले. "माय होती. मांडीवर पाटी घेऊन पोरींच्यात बसलेली. पंचेचाळिशी उलटलेली असेल. अ, आ, इ, ई पर्यंत आली होती. घुंघट सारून माझ्याकडे बघून हसत होती. तिला वाटलं, यादू खूश होईल."

"मग?"

"मी लाल शाईनं नाव खोडलं. शेऱ्यात लिहिलं, वय अधिक. पटावर अपात्र नाव आढळलं. शाळेला मान्यता मिळाली नाही आणि पावसाळ्याच्या आत ती बंद पडली. मला वाटलं, ओळखीच्या घराला सवलत दिली असं कुणी म्हणू नये. माय हसतच होती हो. तिला वाटलं, मी थट्टा करतोय. मी त्या दिवशी न जेवता टांग्यात बसलो."

अठ्ठावीस वर्षं झाली होती त्याला. अठ्ठावीस वर्षं धरणगाव टाळणारा हा माणूस गावोगाव गादी अंथरून एकाच माणसासारखा बसत होता. आम्ही विद्या शिकत होतो, आणि साहेब मित्राची आठवण काढत होते. मला फार वाईट वाटलं. विहिरीवर मी त्यांची नक्कल सर्वांत चांगली करायचो, त्याची लाज वाटली.

"याल ना, साहेब?" मी विचारलं.

"रिटायर व्हायला दोन महिने राहिलेत," ते म्हणाले. "आता नाही गेलो तर कुठल्या नात्यानं जाणार?"

दोन दिवसांनी आम्ही सुरतेकडच्या गाडीत बसलो. जगाला मागायला शिकवणारा हा माणूस डब्यात नवरदेवासारखा अस्वस्थ होता. कोट दोनदा काढला, दोनदा घातला. "आधी काय बोलू?" असं मलाच विचारलं. मी म्हणालो, "कपाशीचं बोला." ते हसले नाहीत. खिशातून त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढून मला दाखवलं. आत नवीकोरी अंकलिपी होती. "मायसाठी," ते म्हणाले. "ई पर्यंत झालं होतं तिचं. पुढचं राहिलंय."

पेढीच्या पायरीशी त्यांनी माझा दंड धरला. मग वर चढले. मुनीमजींना नमस्कार करायचं विसरले. हरकचंदशेठ गादीवर बसले होते. साहेब थेट गादीपाशी गेले आणि मी आजवर त्यांच्या तोंडून कधी न ऐकलेल्या बोलीत म्हणाले, "हरक, मी उनू." मी आलो, एवढंच.

शेठ उठून उभे राहिले. क्षणभर मला वाटलं, हे आता मिठी मारणार. पण शेठ गड्याकडे वळून म्हणाले, "साहेबांना खुर्ची आणा."

ज्यांना पेढीची रीत माहीत नाही त्यांना यात काय विशेष ते कळणार नाही. घरचा माणूस, दोस्त, गिऱ्हाईक, सगळे गादीवर बसतात. खुर्ची असते ती मामलेदाराला, फौजदाराला. आतून एक वेताची खुर्ची आली. गड्यानं ती पुसली. साहेब त्या खुर्चीकडे बघत उभे राहिले. मी मनात म्हणत होतो, बसू नका साहेब, गादीवर बसा, जे होईल ते होईल. ते खुर्चीवर बसले.

"माय कशी शे?" त्यांनी विचारलं.

"मातोश्री वारल्या, साहेब," शेठ शुद्ध बोलीत म्हणाले. "सहा वर्षं झाली."

साहेबांचा हात कोटाच्या खिशाकडे गेला होता, तो तिथंच राहिला. चांदीच्या तबकातून पाणी आलं. ते त्यांनी घेतलं की नाही, मला आठवत नाही. शेठ सुपारी कातरायला लागले, पण अडकित्ता नीट बसेना. सुपारी दोनदा हातातून निसटून गादीवर पडली.

"बोला साहेब. आपलं काम सांगा."

साहेब काम सांगू लागले. काय सांगावं! वर्गात जे जे करू नका म्हणून त्यांनी आम्हाला बजावलं होतं, ते सगळं त्यांनी केलं. "गरीब मुली" म्हणाले. "मदत" म्हणाले. मधेच अडखळले. शेठनी दुसरं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "माडी दिली," ते म्हणाले. "किल्ली मास्तरांकडे देतो. चुना लावून देतो, बाकं माझ्याकडून. कागद काय करायचा तो करा, मी सही करतो."

माझा आनंद पोटात मावेना. मी किल्ली घेतली, वाकून नमस्कार केला, मुनीमजींनाही केला. शाळा झाली होती! माझी पोरगी आता खिडकीच्या आत बसणार होती. साहेबांकडे मी जरा उशिरानंच पाहिलं.

ते अजून खुर्चीवरच होते. उन्हं कलली होती. आतल्या घरात पाट मांडल्याचा, ताटं ठेवल्याचा आवाज येऊ लागला. साहेबांनी घड्याळ काढलं नाही. ते माजघराच्या दाराकडे बघत होते, आणि ते कशाची वाट बघत होते ते त्या दालनात सगळ्यांना कळत होतं.

शेठ उठले. "आमची जेवायची वेळ झाली," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "साहेबांना गाडी मिळेल ना?"

"मिळेल," साहेब म्हणाले.

स्टेशनवर गाडीला अवकाश होता. दिवस बुडाला. मी बाकावर किल्ली हातात खेळवत बसलो होतो आणि एकसारखा बडबडत होतो, की इतकी सोपी जागा तर आपल्या वर्गात कुणालाच मिळाली नाही, अमळनेरच्या मास्तरांना चार खेपा घालाव्या लागल्या, आपलं दोन मिनिटांत झालं. साहेबांनी अंकलिपी काढून माझ्या मांडीवर ठेवली.

"शाळेत ठेवा," ते म्हणाले. मग रुळांकडे बघत बसले. तिकडे सिग्नल पडला तेव्हा म्हणाले, "त्यानं नाही म्हणायला पाहिजे होतं, मास्तर. उद्या पुन्हा यायला काही निमित्त राहिलं असतं."